जानूकाकांची भिंतीतली जागा

मला नसत्या चौकशा करायची भारी खोड आहे. २००६ साली मिरा रोडहून रविवारी मासळी आणायला उत्तनला जायचे, त्यातही मासळी निम्मी आणि चौकशा निम्म्या. तिथे चर्चच्या आवाराला काळ्या दगडांची जुनी भिंत आहे. तिच्यात एका ठिकाणी दगडच नव्हता. एक म्हातारा कोळी संध्याकाळी चाचपडत यायचा, त्या भोकात कोपरापर्यंत हात घालायचा आणि खुशीत परत जायचा.

दोन-तीन रविवार मी कशीबशी कळ काढली. मग विचारलंच, "काका, काय ठेवलंय आत?"

"काय न्हाय. तेच बघतो."

एवढ्यावर मी घरी जाते की काय! तिथेच फतकल मारून बसले. म्हाताऱ्याला, म्हणजे जानूकाकांना, हसू आलं आणि त्यांनी सांगितलं. गावात कुणी नवी होडी बांधली की फादरना विचारून या भिंतीतला एक दगड न्यायचा आणि नांगराला बांधायचा. होडी हिंदूची की ख्रिस्तावाची, कुणी बघत नाही. होडी विकली की दगड परत त्याच जागी लावायचा. काकांनी आपला दगड लग्नाच्या वर्षी नेला होता. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे गेले आणि होडी मुलाकडे, धनेशकडे आली. धनेशला खलाशी मिळेनात. होडी विकून मिरा रोडला नोकरी धरावी, असं त्याच्या मनात होतं.

"मी त्याला बोललो, विकायची गोष्ट माझ्याम्होरं काढू नको. विकलीस तं दगड लाव, मना कलंल."

म्हणजे भोक रिकामं असलं की होडी आहे. त्यानंतर उत्तनला उतरले की मीही आधी भिंत बघायची. माझा काय संबंध? पण बघायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भोक दिसलंच नाही. काका लगबगीने येत होते. त्यांना थांबवावंसं वाटलं, पण मी हाक मारायच्या आत ते भिंतीपाशी पोचले. त्यांची बोटं दगडावर आपटली. बराच वेळ ते त्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी दगड हलवून पाहिला. डुगडुगला.

"धनेश," त्यांनी मान न वळवता हाक मारली. "हितंच असशील."

धनेश फाटकाआडून पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"दगडाच्या बारक्या चिपा आण, फटीत ठोकू. लावायचा तं नीट लाव. आता काय तो परत निघायचा न्हाय."