विषयतज्ज्ञाची सही

“सर, मार्क पेन्सिलीनं टाका,” म्हणत सेक्रेटरींनी माझ्यापुढं तक्ता सरकवला. सोबत टोक केलेली नवी पेन्सिलही होती.

“का बरं?”

“पेनानं बेरीज चुकली की खाडाखोड व्हती. ऑडिटला बरं दिसत न्हाई.”

शिरूरजवळच्या एका सहकारी दूध संस्थेत केमिस्टची एक जागा भरायची होती. मी दौंडचा. तीस वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये काढून नुकताच रिटायर झालो होतो. मुलाखतीला बाहेरचा विषयतज्ज्ञ लागतो असा नियम, म्हणून मला बोलावलेलं. मंडळात आम्ही तिघं: चेअरमन आप्पा, सेक्रेटरी आणि मी. त्यात दुधाचं कळणारा मी एकटाच. मुलाखतीआधी आप्पांच्या मळ्यात माझं साग्रसंगीत जेवण झालं, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मटण चांगलं होतं. नाही आली.

उमेदवार चार. मी प्रॅक्टिकल ठेवलं. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगणारी काचेची नळी, जास्त बुडते आणि चोरी कळते. म्हणून हुशार माणसं पाण्याबरोबर साखरही घालतात. दूध दाट होतं, नळी वर येते, रीडिंग बरोबर दिसतं. मी तसलंच सॅम्पल करून ठेवलं होतं.

पहिले दोघे रीडिंग बघून मोकळे झाले. दूध पास! तिसरे होते आप्पांचे भाचे. त्यांनी नळी उलटी धरली. मग ती ठेवून दिली आणि दुधाचा वास घेतला.

“म्हशीचं हाय.”

“वासावरनं वळखलं बघा, सर,” आप्पा कौतुकानं म्हणाले.

दूध गायीचं होतं.

चौथी मंगल. इनामगावकडची, बीएस्सी झालेली. याच लॅबमध्ये तीन वर्षं टेंपररी होती. ही जागा मिळाली तर कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. तिनं रीडिंग घेतलं, दुधाचा थेंब जिभेला लावला आणि शेल्फवरची रिसॉर्सिनॉलची बाटली काढली. हे औषध आणि ॲसिड घालून दूध तापवलं की साखर असल्यास लाल रंग येतो. परीक्षानळीतलं दूध लालभडक झालं.

“पाणी घातलंय, सर, आन् वर साखर. लॅक्टोमीटर फसतोय.”

मी खिशातलं बॉलपेन काढलं आणि तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले. भाच्यांना नऊ. तेही वास घ्यायची मेहनत केली म्हणून. स्वतःवर मी फार खूश झालो. सेक्रेटरींनी पेन्सिल उचलून खिशात टाकली.

मग सह्यांसाठी तीन कागद आले. पहिला हजेरीचा, दुसरा मार्कांचा, तिसरा कोरा.

“हा कशाचा?”

“इतिवृत्ताचा. लोडशेडिंग हाय सर, प्रिंटर बंद. खाली सही ठिवून जावा, लाईट आल्यावर वरचं छापून घेतो. न्हाईतर तुमची दौंडची यष्टी चुकायची.”

“आमच्यावर इस्वास हाय ना, सर?” आप्पांनी विचारलं.

ज्याच्या घरचं मटण खाल्लं त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? मी सही केली. एसटी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

चार महिन्यांनी मंगल पत्ता शोधत दौंडला घरी आली. माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. संस्थेनं निबंधक कार्यालयाकडं पाठवलेल्या इतिवृत्ताची नक्कल तिनं मिळवली होती; माझा पेनानं भरलेला तक्ता त्याला जोडलेला नव्हता. भाचे बेचाळीस, मंगल अठरा. पुढं शेरा: ‘उमेदवारास प्रात्यक्षिकाचे ज्ञान अपुरे.’ खाली माझी सही, ठसठशीत.

आता ही भांडणार, असं मला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“सर, माझं काय चुकलं व्हतं तेवढं सांगा,” ती म्हणाली. “म्हंजी फुडच्या इंटरव्ह्यूला सुधारता यील.”

“तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं,” म्हणालो आणि कोऱ्या कागदाची हकिगत सांगितली.

“तीस वर्षं लॅबमदी काढली, आन् न वाचता सही केली व्हय, सर?” एवढंच बोलून ती उठली. चहासुद्धा घेतला नाही.

मी त्याच दिवशी संस्थेला रजिस्टर पोस्टानं पत्र धाडलं. ते मार्क माझे नाहीत, सही कोऱ्या कागदावर घेतली, मुलाखत पुन्हा घ्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, स्वच्छ छापलेलं. आधी कामकाज किती पारदर्शक झालं याबद्दल दीड पान होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘आपण कोऱ्या कागदावर सही केल्याचे सदर तज्ज्ञांनी स्वतःच लेखी कबूल केले आहे. सबब त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवता येत नाही.’

भाचे कायम झाले. मंगल कोरेगाव भीमाकडं एका खाजगी प्लँटमध्ये लागली, दोन एसट्या बदलून जात होती असं कळलं.

त्या पत्रातल्या दीड पानाला मी मुद्देसूद उत्तर लिहिलं. शेवटच्या दोन ओळींना मात्र आजवर उत्तर सुचलेलं नाही.