देवरामच्या ट्रकचं फिटनेस

माझी शेवटची पोस्टिंग सिक्कीमला होती. मी सैन्यात हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. गाव एकोडी, तालुका साकोली. आमच्या वर्कशॉपमध्ये भंडारा जिल्ह्याचे आम्ही तिघं होतो. मी, दिघोरीचा ड्रायव्हर नायक देवराम आणि वरठीचे सुभेदारसाहेब. साहेबांचं नाव इथं लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे, त्यांच्या घरी सुना-नातवंडं आहेत म्हणून.

साडेपाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, सहाला गाड्यांची तपासणी. वर्षातून एकदा प्रत्येक गाडीचं मोठं इन्स्पेक्शन. सगळं बघून मेकॅनिक सही करायचा. त्यापुढं साहेबांचा स्वतःचा एक नियम होता, तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. "पास करनेवाला साथ बैठेगा." ज्यानं गाडी पास केली, त्यानं ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाट उतरायचा. एका अंगाला दरी. माझी पहिली फेरी देवरामबरोबर झाली.

"उस्ताद, दरीत काय पाहून राहिला?" त्यानं विचारलं.

"समोर पाह्य," मी म्हटलं.

त्या नियमानं मला मेकॅनिक केलं. साहेबांना मी बापाच्या जागी मानत होतो.

पुढं तिघंही पेन्शनवर आलो. देवरामनं एक जुना मिनी ट्रक घेतला आणि धानाची पोती राइस मिलला पोचवू लागला. साहेब भंडाऱ्यात आरटीओपाशी एजंट म्हणून बसू लागले; लोकांच्या गाड्या आधी स्वतः तपासायच्या आणि मग इन्स्पेक्टरकडून फिटनेस सर्टिफिकेट काढून द्यायचं, हे त्यांचं काम. आम्हा फौजींना बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी खरा माणूस तिथं बसला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. गाडी तपासणीला न्यायची. चासी नंबर जुळवतात. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, मागची चमकणारी पट्टी बघतात. स्टिअरिंगला ढिलाई आहे का, टायर घासलेत का, हे बघतात. मग गाडी चालवून ब्रेक. पीयूसी वेगळं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. देवरामचा धूर साफ होता, इंजिन त्यानं पोरासारखं जपलं होतं. पण धूर ब्रेकबद्दल काही सांगत नाही.

तपासणीच्या आठवडाभर आधी मी त्याच्या शेजारी बसून साकोलीला गेलो. ब्रेकचं पेडल तळाला जात होतं.

"देवराम, मास्टर सिलिंडर गळून राहिला, ब्रेकचं ऑइल चाललं. आधी हे कर."

"पुढच्या हप्त्यात फिटनेस हाये ना उस्ताद. खराबी असंल तं साहेबच पकडतील. मग एकदाच करतो सारं."

बुधवारी त्याचा फोन आला. "पास झाली!"

"आन् ब्रेक?"

"साहेबानं पाह्यलं म्हने. ठीक हाये म्हने."

इथं माझी चूक झाली. ते पेडल माझ्या डोळ्यांदेखत तळाला गेलं होतं. देवरामच्या तर रोज पायाखाली होतं. पण वीस-वीस वर्षं वरच्याची सही म्हणजे शेवटचा शब्द, असं आम्ही शिकलो होतो. साहेबांनी पास केली म्हणजे आपल्यालाच काहीतरी वाटलं असेल. मी गप्प बसलो, आणि याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरचा मंगळवार. दहा चाळीसला देवराम भरला ट्रक घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्याला, चढला. पाळ उतरताना वळण आहे. वळणावर रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, निघालेल्या बाया रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांच्यातली एक मला नंतर म्हणाली, "हारन वाजवत होता जी, हात हालवत होता. आमाले काय समजते? मंग त्यानं गाडीच तरावात घातली."

बायांपैकी कोणाला खरचटलंही नाही. देवरामला बाहेर काढलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

ट्रक वर ओढल्यावर मी आत वाकून पेडल हातानं दाबलं. सरळ तळाला गेलं. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल नव्हतं.

पाच वाजता मी वरठीला साहेबांच्या ओसरीवर होतो.

"साहेब, पेडल तुमी दाबलं होतं?"

"बस ना आधी."

"दाबलं होतं काय?"

"अरे, लाइन लंबी होती. धूर क्लिअर होता, लाइट ओके होते. वाटलं, आपलाच ड्रायव्हर हाये, त्यानं पाह्यलंच असंल."

"इन्स्पेक्टरले काय सांगतलं?"

"सांगतलं, मी चालवून पाह्यली." ते जमिनीकडे बघत होते. "त्यानं ऐकलं. फौजी माणूस म्हनून."

"आन् देवरामले?"

ते म्हणाले, "कागद तं सारे बरोबर हायेत."

कुंपणानंच शेत खाल्लं, असं आपण पुढाऱ्यांबद्दल बोलतो. मला ते माझ्या उस्तादाबद्दल म्हणावं लागलं. शत्रूचा कधी इतका राग आला नव्हता. शत्रूनं मला कधी काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दिघोरीत अंत्यविधी झाला. जिल्ह्यातले माजी सैनिक फौजेच्या बेरे टोप्या घालून आले. देवरामची बायको लताबाई भिंतीला टेकून बसली होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. साहेब आले. कोट, छातीवर सगळी मेडल्स. सीनियर म्हणून रांगेच्या उजव्या टोकाला उभे राहिले आणि त्यांनी सलामीसाठी हात वर नेला.

"साहेब, हात खाली."

माझाच आवाज होता. सगळे वळले.

"हवालदार!" ते म्हणाले.

"हात खाली घ्या साहेब. रांगेतून बाहेर व्हा."

नोकरीत असतो तर कोर्टमार्शलच झालं असतं. लताबाईनं मान वर करून साहेबांकडे पाहिलं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. साहेबांना ती नजर झेपली नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि ते बाजूला झाले.

मग आम्ही नऊ जणांनी नायक देवरामला सलाम केला. तो झाल्यावर मी लताबाईपाशी जाऊन खाली बसलो आणि पेडलपासून सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट.