लवंगाचं तेल आणि हिरवी काच

दात ठणठणीत असलेला माणूस दर बाजाराला लवंगाचं तेल नेऊ लागला, तर माझ्यासारख्या दुकानदाराच्या मनात पाल चुकचुकणारच. अच्युतराव मास्तर पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी खटकचिंचोळीच्या शाळेत आले आणि महिन्याभरात माझ्या मनातून उतरले. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. नवा माणूस दिसला की तो कुणाचा हेर, एवढंच ठरायचं बाकी असे.

त्यात हे गृहस्थ कासाराच्या पथारीशी वाकून वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे वेचायचे. पुरुषमाणूस! मी विचारलं तर म्हणाले, "गुरुशांतप्पा, कुठली काच उजेडाला किती वाकवते ते बघतोय. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका काच घडवणाऱ्यानं हेच मोजलं, म्हणून दुर्बिणी सुधारल्या." मी मान डोलावली. विश्वास मात्र तिळभर ठेवला नाही.

गावातल्या बसव्वाचा नवरा निंगप्पा पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत बेपत्ता झाला होता. दीर काशप्पा तिच्यामागे लागला होता, तो मेला, बांगड्या फोड म्हणून. निंगप्पाच्या वाटणीच्या रानावर त्याचा डोळा होता, हे मी छातीठोक सांगतो. बसव्वा बधेना, तेव्हा त्यानं आवई उठवली की मास्तरानं तिच्या बांगडीचा तुकडा उचलून करणी केली आणि निंगप्पाला असेल तिथं संपवलं.

गाव शाळेत जमा झालं. मीही गेलो. मास्तर घाबरले नाहीत, तिथंच चुकलं. सगळं उघड दाखवतो म्हणाले. पेल्यात लवंगाचं तेल ओतलं, थोडं तिळाचं मिसळलं आणि बिनरंगी काचेचे तुकडे टाकले. तुकडे दिसेनासे झाले!

"तेल आणि काच उजेडाला सारखंच वाकवतात, म्हणून..." मास्तर सांगत होते, पण ऐकतो कोण?

"बघा, डोळ्यांदेखत गिळलं की! निंगप्पालाबी असंच गिळलं!" काशप्पा ओरडला. मीसुद्धा मागे सरलो.

बसव्वा मात्र पुढं आली. "गुरुजी, माझा तुकडा टाका. दिसंना झाला तर आत्ताच बांगड्या फोडते."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी वेचलेल्या तुकड्यांची पुडी उघडली, बराच वेळ चाळली आणि एक गडद हिरवा तुकडा तेलात सोडला. त्याच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, पण हिरवा रंग तळाशी तसाच राहिला.

"हाय की! माझा माणूस हाय!" बसव्वा हंबरडा फोडून रडली. काशप्पा गुपचूप निघून गेला. एरवी साध्या प्रश्नाला तासभर समजावणारे मास्तर त्या दिवशी अवाक्षर बोलले नाहीत, आणि माझा संशय दुणावला.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, आमचं गाव कानडी मुलखात गेलं. मास्तरांनी मराठी मुलखात, उदगीरकडं बदली मागून घेतली. निघताना ते दुकानी आले होते, तेवढ्यात बसव्वा धावत आली. हातभर हिरव्या बांगड्या होत्या.

"गुरुजी, त्यो तुकडा अजून दिसायलाय न्हवं?"

"दिसतोय, बसव्वा."

ती समाधानानं परत गेली. मास्तर माझ्या पोत्यावर मटकन बसले.

"मी तिला फसवलं. तुकडा तिचा होता का, देव जाणे. हिरवा रंग तेलात जात नाही, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं."

सात वर्षांत त्यांच्या एका बोलण्यावर माझा विश्वास बसला, तो ह्याच्यावर.