देव मान्य होता, भरवसा नव्हता

"आपके शरीर की फौज आपकी ही नसों पर हमला कर रही है," डॉ. मिश्रा म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या तळपायावर किल्ली ओढली. पाय हललाच नाही. "इसे गुलियन-बारे सिंड्रोम कहते हैं. जीबीएस."

साकेत नगरच्या मोठ्या रुग्णालयातला माझा तो दुसरा दिवस. जीबीएस म्हणजे रोगाशी लढणारी आपली यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. मी विचारलं, "कहाँ तक जाएगा?"

"देखना पड़ेगा."

मला त्या उत्तराचा भयंकर राग आला. भोपाळच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. भाग पास की नापास, हे संध्याकाळपर्यंत लिहून द्यावंच लागायचं. 'बघावं लागेल' असा शेरा कुणी मारला असता तर मी कागद परत पाठवला असता.

पण उशीर माझ्यामुळेच झाला होता. आठवडाभर तळपायांना मुंग्या येत होत्या. मी जवाहर चौकातून ताकदीच्या गोळ्या आणल्या आणि स्वतःच स्वतःवर इलाज केला. मग एकदा पायातली चप्पल वाटेत गळून पडली आणि मला कळलंच नाही. शेवटी एका सकाळी आंघोळ करून स्टुलावरून उठता येईना. बायकोला, सुनंदाला, हाक मारावी लागली. तुमच्या बाबतीत मुंग्या अशा वर चढू लागल्या तर एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग तपासण्या. लंबर पंक्चर, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुईनं पाणी काढणं. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांना विजेचे बारीक झटके देऊन त्या किती वेगानं निरोप नेतात ते मोजणं. या दुसऱ्या तपासणीसाठी मी दोन तास व्हीलचेअरवर, भिंतीकडे तोंड करून बसून होतो. कुणीतरी खुर्ची तशी लावून गेलं होतं आणि माझ्या हातांत ती वळवण्याइतकी ताकद नव्हती. मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आवाज ऐकत मी ओठ चावत राहिलो.

कारखान्याच्या टाउनशिपमधली माणसं भेटायला यायची. शेजारचे तिवारी, ऑफिसातले लोक, मराठी मंडळाचे सभासद. सगळ्यांचं एकच वाक्य. "दामले जी, ऊपरवाले पर भरोसा रखिए." मराठीत असलं तरी तेच. मी मान डोलवायचो आणि ते गेल्यावर सुनंदावर चिडायचो. बावीस वर्षं मंडळाच्या गणपतीचा मी कार्यवाह होतो. मूर्तीपासून विसर्जनाच्या ट्रकपर्यंत सगळं मी बघायचो. मला हे काय शिकवणार?

देव आहे, याबद्दल मला कधी शंका नव्हती. आमच्या कारखान्याला जनरल मॅनेजर आहेत, याबद्दलही नव्हती. पण म्हणून कुणी फाइल टेबलावर ठेवून घरी जात नाही. पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. देवाच्या बाबतीतही माझं तेच चालायचं. नमस्कार करायचा आणि मग सगळं स्वतः बघायचं.

इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं हे औषध पाच दिवस सलाईनसारखं देतात. त्याचा गुण लगेच दिसत नाही. दरम्यान माझे हात गेले. सिस्टर लिसी दर काही तासांनी मला एका श्वासात आकडे मोजायला लावायच्या. छातीच्या स्नायूंत किती जोर आहे, ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी तीसपर्यंत गेलो. मग चोवीस. मग एकोणीस.

मला तेवढंच काम सापडलं. मी सतत मनातल्या मनात, ओठांत, मोजत बसलो. झोप आली की दचकून जागा व्हायचो. मी झोपलो तर लक्ष कोण ठेवणार? सिस्टर रागावल्या, "अंकल, आप थक रहे हैं. साँस उसी में जा रही है." मी ऐकलं नाही. दोन दिवस नीट झोपलो नाही.

सहाव्या दिवशी दुपारी आकडा अकरावर आला. डॉ. मिश्रा म्हणाल्या, व्हेंटिलेटर लावावा लागेल कदाचित. म्हणजे घशातून नळी घालून यंत्रानं श्वास द्यायचा. आत्ता मात्र थोडं झोपा.

मी विचारलं, "गारंटी?"

"गारंटी नहीं दे सकती. मैं यहीं हूँ, इतना कह सकती हूँ."

त्या गेल्यावर मी पुन्हा ओठ हलवायला लागलो आणि सुनंदाचा बांध फुटला. "पुरे करा! बावीस वर्षं त्याच्या आरत्या म्हणताय. एक श्वास त्याच्यावर सोडवत नाही तुमच्यानं?"

"आणि परत आला नाही तर?"

"मोजून आत्तापर्यंत एक तरी वाढवलात का?"

एवढा राग मला त्या आजारात कुणाचाच आला नाही, कारण ती खरं बोलत होती. मला रडू आलं आणि डोळे पुसायला हात उचलेना. ते तिनंच पुसले. मी डोळे मिटले. काही मागितलं नाही. नवस बोललो नाही. 'तू बघ' एवढंच मनात म्हणालो, तेही चिडूनच. आणि झोपलो.

तुम्हाला वाटेल, जागा झाल्यावर आकडा वाढला होता. नाही. नऊवर आला होता. संध्याकाळी नळी घातलीच. पुढचे अकरा दिवस ते यंत्र माझ्यासाठी श्वास घेत होतं. मला बोलता येत नव्हतं. भीती रोज परत यायची. एका दुपारी ठेवलेला भरवसा दुसऱ्या सकाळी जागेवर नसायचा, पुन्हा पहिल्यापासून 'तू बघ' म्हणावं लागायचं. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही.

पण नळी घालताना मी झटापट केली नाही. सिस्टर लिसींनी नंतर सांगितलं, तुम्ही शांत होतात म्हणून काम सोपं झालं. त्यांचे, डॉ. मिश्रांचे, मला कूस बदलून देणाऱ्या प्रत्येकाचे उपकार मोठे आहेत. भरवसा म्हणजे औषध सोडणं नव्हे. औषध घेतल्यावरही जे आपल्या हातात उरत नाही, ते देवाच्या हातात आहे, हे मानणं मला सोपं होतं. ते तिथे राहू देणं मला अजून नीट येत नाही.

पाच महिन्यांनी काठी घेऊन तपासणीला गेलो. मी विचारलं, "दोबारा हो सकता है?"

"बहुत कम लोगों को होता है," डॉ. मिश्रा म्हणाल्या. "पर हो सकता है."

बाहेर आल्यावर सुनंदानं पोहे-जलेबी घेतली. हातगाडीशी गर्दी होती, कारखान्यातले दोन ओळखीचे चेहरेही होते. माझ्या बोटांत चमचा ठरेना. दोनदा पोहे शर्टावर सांडले. तिनं चमचा माझ्या हातातून घेतला, भरला आणि पुढे धरला.

शेव फार होती, पोहे कोरडे होते. मी इकडेतिकडे न बघता तोंड उघडलं.