हात जोडून इंग्रजी

परदेशात नर्स म्हणून जायचं तं इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मी पांढरकवड्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. पहिल्या खेपेला बाकी सारं निघालं, लिखाणात आपटली. मग दर रविवारी एसटीनं यवतमाळच्या क्लासले जाऊ लागली.

पहिल्याच दिवशी सरांनी पत्र लिवाले देल्लं. भाड्याच्या घरातला हीटर बंद पडला, घरमालकाले कळवा. आम्ही काय लिवलं? मी गरीब घरची आहे, वडील आजारी असतात, माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आपली आज्ञाधारक. हे सारं इंग्रजीत. भाडं आपणच भरून राह्यलो अन् पायाही आपणच पडून राह्यलो! तहसीलीत अर्ज देऊन देऊन हाताले वळणच तसं. एकीनं तं खाली लिवलं, सोबत उत्पन्नाचा दाखला जोडला आहे.

सरांनी कपाळाले हात लावला. म्हणे, "बाई, तो घरमालक आहे, कलेक्टर नाही. रडाचं नाही, भांडाचं नाही. काय बिघडलं, काय पायजे, कवापर्यंत, एवढं सांगा. त्याले टोन म्हणतात."

आमच्या इकडं टोन दोनच, पाया पडाचा नाही तं गचांडी धराचा. तिसरा शिकता शिकता जीव मेटाकुटीला आला, पण शिकली. दुसऱ्या खेपेला पास झाली. मले लय भारी वाटलं.

आता फक्त दवाखान्याचं अनुभवाचं सर्टिफिकेट पायजे होतं. शुक्रवारी कागद पाठवाची शेवटची तारीख, अन् आमचे डॉक्टर रोज म्हणत, "उद्या पाहू." मी शिकल्यासारखं इंग्रजीत लिवलं, इतकी वर्षं काम केलं, शुक्रवारच्या आत सर्टिफिकेट मिळावं, कधी नेऊ ते कळवावं. डॉक्टरांनी वाचलं अन् चष्मा काढला.

"सिस्टर, पास काय झाली, लयच माज चढला तुले. असा लिवतात अर्ज?"

डोकं असं तापलं का कागद फाडून त्यायच्या तोंडावर फेकावा. पण शुक्रवारची तारीख काही हटणार नव्हती. बाहेरच्या बाकावर बसून मी दुसरा अर्ज लिवला, मी गरीब, माय-बाप तुम्हीच, आपली आज्ञाधारक. वडील तवा वावरात खणखणीत होते, त्यायले बी आजारी पाडलं.

आत जाऊन अर्ज टेबलावर ठेवला अन् हात जोडून उभी राह्यली. डॉक्टरांनी तो वाचलाही नाही. ड्रॉवर उघडला अन् टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट काढून माह्या हातात देल्लं.