तोंडात उरलेला एकच शब्द

टेंभुर्णीच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्या एका सवयीवर गाव हसायचं. जेवून उठताना बायकोला काहीतरी बरं बोलल्याशिवाय मी हात धूत नसे. "आज पिठलं बराबर जमलं," किंवा "रानातून आली की लगेच चुलीला बसलीस, टेक आता जरा." चारचौघांसमोरही बोलायचो. माय वैतागायची. "बायकोचं असं तोंडावर कौतुक करतेत व्हय रे?" बायको पदर तोंडाला लावून आत जायची. पण एखाद्या दिवशी मी काही बोललो नाही, तर ताट उचलताना ती उगाच रेंगाळायची.

नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मला लकवा मारला. सकाळी ओट्यावर दाढी करत होतो. हातातला ब्रश गळून पडला, तो उचलायला वाकलो आणि तसाच कलंडलो. जीपमध्ये घालून मला जालन्याला नेलं, तिथून औरंगाबादला. घरी परत आलो तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं, वाचाही गेली होती. तोंडात एकच शब्द उरला होता. न्हाई.

डॉक्टरांनी बायकोला समजावलं होतं, की यांना सगळं कळतं, पण मनातला शब्द जिभेवर येणार नाही, भलताच येईल. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला ते दोघांनाही कळलं. तिनं वरणात भाकरी कुस्करून घास भरवला.

"गोड लागतंय का?"

होय म्हणायचं होतं. "न्हाई," मी म्हणालो.

तिनं चिमूटभर मीठ घातलं. "आता?"

"न्हाई."

तिनं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हसायला गेलो. अर्धा चेहरा हलेना, त्यामुळे मी रडतोय असं तिला वाटलं. ती घाईघाईनं माझं तोंड पुसू लागली.

मुलगी तेव्हा पाचवी-सहावीत होती. तिनं तिची पाटी आणून माझ्या डाव्या हाताखाली धरली. "बाबा, लिहून दाखवा." ज्या अक्षरांवर माझं पोट होतं, ती मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळत होती. नुसत्या रेघोट्या उठल्या. मुलीनं पाटी पुसून ठेवली, पुन्हा आणली नाही.

बायको सकाळी माझं सगळं अंथरुणातच करायची. धोतर बदलणं, अंग पुसणं, तेल चोळणं. मग मला मायच्या भरवशावर सोडून रानात जायची. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची बोटं बोंडांच्या टोकांनी सोलून निघायची, त्याच बोटांनी ती संध्याकाळी मला भरवायची. मला ते दिसायचं. बोलायचं एवढं साठत होतं, की छाती फुटेल असं वाटायचं. तोंड उघडलं की न्हाई. मी तोंड मिटून ठेवू लागलो, तर माय म्हणायची, "रुसला का काय हा?"

एका संध्याकाळी बायको माझी पाठ पुसत होती. "पाणी बराबर गरम हाय ना?" तिनं विचारलं. मला म्हणायचं होतं, टेक आता जरा. जोर लावून बोललो. "न्हाई! न्हाई! न्हाई!" जवळजवळ ओरडलोच.

तिनं फडकं बादलीत आपटलं.

"सकाळधरनं न्हाई, न्हाई! बिमारी हाय, ठाऊक हाय मला. डॉक्टरनं सांगितलंय. पण कानाला कुठं समजतं ते? या घरात मला बरं बोलणारं एकच माणूस होतं."

ती भिंतीशी जाऊन बसली आणि हुंदके देऊ लागली. मी दोन हातांच्या अंतरावर होतो, पण तिच्यापर्यंत जाता येईना. त्या दिवसांत मी मरण मागत होतो. तेही मनातच.

मग एका दुपारी ती रानातून लवकर आली आणि माझ्या खाटेजवळ खाली सतरंजीवर आडवी झाली. डोळा लागला तिचा. टाचा भेगाळलेल्या, त्यांत माती भरलेली. मी डाव्या कोपरावर रेटा देऊन खाटेवरून घसरलो, दाणकन आपटलो. तिला जाग आली नाही. सरपटत तिच्या पायांशी गेलो आणि डाव्या हातानं पाय दाबू लागलो.

ती दचकून उठली. "अहो, काय करून राह्यले हे? सोडा पाय! पाप लागंल मला."

"न्हाई," मी म्हणालो. हात काढला नाही.

दारात माय उभी होती. नवऱ्यानं बायकोचे पाय धरलेले तिनं जन्मात पाहिले नसतील. मला वाटलं आता बोंब होणार. तिनं मान फिरवली आणि दार हळूच ओढून घेतलं.

बायकोनं पाय ओढायचं थांबवलं. तिचे डोळे वाहू लागले. "कळलं मला," ती म्हणाली. तिला नेमकं काय कळलं, ते मी विचारू शकलो नाही.

वाचा परत यायला वर्षं लागली. आधी आकडे आले, मग भाज्यांची नावं, मग गावांची. तिच्याशी बोलायचं ते सगळ्यात उशिरा आलं आणि तेही तुटकंतुटकं. पहिल्यांदा जेवताना "छान... झालं" असं जुळवून म्हणालो, तेव्हा वाटलं होतं ती थांबेल. ती म्हणाली, "राहू द्या. जीवाला ताण नका देऊ, जेवा." आणि स्वतःचं ताट उचलून गेली. इतक्या वर्षांत तिनं वाट बघणं सोडून दिलं होतं. तसं सोडलं नसतं तर ती तगली नसती, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मी ताट तसंच सरकवून दिलं.

मी अजून रोज बोलतो. कधी ती ऐकते, कधी ऐकतही नाही. दुपारी मात्र सतरंजी खाटेजवळ ओढून आडवी होते आणि पाय माझ्याकडे करते. डाव्या हातालाही आता जोर उरलेला नाही. जमेल तेवढं दाबतो.