मोसंबीला पडलेली मतं

आमच्या मंडळात निवडणूक नावाची भानगड कधी झालीच नव्हती. नरखेड तालुक्यातल्या काही गावांतले बागायतदार आणि त्याच गावांतून नागपुरात येऊन स्थिरावलेली माणसं, असे मिळून आम्ही सभासद. सक्करदऱ्यात मुलींचं एक वसतिगृह चालवायचं, एवढंच मंडळाचं काम. वर्षातून एकदा सभा व्हायची, कोणीतरी अध्यक्ष म्हणून काकाजींचं नाव घ्यायचं, सगळे हात वर करायचे आणि लगेच पंगत बसायची. हात पुरते खाली यायच्या आत वाढपी वांग्याची भाजी घेऊन हजर. याला लोकशाही म्हणायचं की नाही, असा प्रश्न कोणाला पडला नव्हता, आणि कोणाचं काही अडतही नव्हतं.

काकाजी माझे सख्खे काका नव्हेत. मी कॉलेजसाठी त्या वसतिगृहात राहायला आले तेव्हा ते सगळ्याच मुलींचे काकाजी होते, आणि आज माझे केस पांढरे झाले तरी माझेही काकाजीच आहेत. नळ बिघडला की काकाजी, कोणी तापानं फणफणली की काकाजी, एखादीच्या बापाला लग्नाची घाई झाली की त्याला चहा पाजून परत एसटीत बसवून देणारेही काकाजी. काकू गेल्यापासून ते घरी फक्त झोपायला जात. दिवसभर वसतिगृहाच्या फाटकाजवळच्या छोट्या खोलीत बसलेले असत. अध्यक्षपद मिरवायची त्यांना हौस नव्हती. पण अध्यक्ष नसलेल्या म्हाताऱ्या माणसानं मुलींच्या वसतिगृहात रोज येऊन बसायचं तरी कोणत्या नात्यानं? ते पद गेलं तर त्यांचा दिवस जाणार होता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग मंडळात नवी पिढी आली. कोणी पुण्यात, कोणी बंगलोरला, आणि सगळ्यांची एकच तक्रार की आम्हाला सभेला येता येत नाही, तर आम्ही मत द्यायचं कसं? तक्रार खोटी नव्हती. आमच्यातलाच एक सीए अध्यक्षपदासाठी उभा राहायला तयार झाला. वसतिगृहाशेजारी त्याला स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढायची होती. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या बोलण्यात ‘व्हिजन’ इतक्यांदा यायचं की मला चष्म्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. काकाजींनी आणि त्यानं अर्ज भरले आणि ठरलं, की मतदान ऑनलाइन घ्यायचं. आणि मी निवृत्त होईपर्यंत पॉलिटेक्निकात संगणक शिकवत होते म्हणून सगळं घोंगडं माझ्या गळ्यात आलं. संगणक शिकवणारी बाई म्हणजे अडकलेला मोबाइल सोडवून देणारी बाई, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत आहे.

काकाजींकडे साधा फोन होता. मी त्यांना घेऊन सीताबर्डीला गेले आणि मोठ्या पडद्याचा मोबाइल घेतला. दुकानदारानं त्यांना कॅमेरा कसा आहे ते दाखवायला सुरुवात केली, तर म्हणाले, “फोटो नोको दाखवू गा, मत कुठून देतात ते दाखव.”

खऱ्या मतदानाआधी एकदा चाचणी घ्यायची होती. सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, चाचणीत ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन खोटे उमेदवार टाका. काकाजींना ते पटलं नाही.

“अ-ब काय समजन लोकायले? माझंच नाव टाक. ओळखीचं नाव दिसलं का बोट बरोबर पडते.”

“आणि दुसरं? सीएंचं टाकू?”

“नोको. चाचणीत कोणी हरला-जिंकला तं खाली-पिली झगडा. दुसरी मोसंबी टाक.”

आम्ही सगळे हसलो. माझ्या मोबाइलवर पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा काकाजींच्या फोटोखाली एक गोल गरगरीत मोसंबी आली. काकाजी स्वतः सर्वांत जास्त हसले.

चाचणीच्या आधी मी गावी गेले. बागेला लागून फळं निवडायची शेड आहे, तिथं रिकाम्या क्रेटवर लोक मोबाइल घेऊन बसले. मोबाइलवर आकडा येतो, तो टाकायचा, नाव दाबायचं, झालं. एका बागायतदारानं नमुना म्हणून काकाजींच्या नावावर मत दिलं. काकाजींचा हा जुना दोस्त, दरवर्षी वसतिगृहाला फळं पाठवणारा. दिलेलं मत पुन्हा देता येतं का पाहावं म्हणून त्यानं परत दाबलं, तर पडद्यावर आलं, ‘आपण आधीच मतदान केले आहे.’ लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी खुशीत होते, कारण दुबार मतदान अडवलं जातं हे मला दाखवायचंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. मी ‘हे नुसतं करून पाहायचं आहे’ असं दोनदा सांगितलं, गरम भजी खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

चाचणी नीट पार पडली. गावाकडून इतकी मतं येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. मतदान बंद होताच ठरल्याप्रमाणे निकाल आपोआप सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, आणि मोसंबी प्रचंड मतांनी निवडून आली. काकाजींच्या वाट्याला ओंजळभर मतं होती.

मी खो खो हसले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोसंबीचं अभिनंदन केलं. कोणी हार पाठवले, कोणी पेढे पाठवले, एकानं तर मोसंबीला फेटा बांधलेलं चित्र टाकलं. काकाजी ग्रुपवर काही लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्याकडे माझं लक्ष गेलं नाही. नवा मोबाइल त्यांच्याही खिशात होता आणि निकाल त्यांनाही गेला होता, हे मला सुचायला हवं होतं.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी ते माझ्या घरी आले. चहा घेतला. बशी खाली ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

“माघार घ्यायचं बटण कुठं हाये वं?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. काय झालं, म्हणून मी खूप विचारलं. तब्येत बरी राहत नाही, गुडघे दुखतात, आता पोरायनं करावं, एवढंच म्हणाले. मी वाद घातला, थोडी चिडलेही. शेवटी बटण दाखवलं. ‘आपला निर्णय नक्की आहे का?’ असं पडद्यावर आलं, आणि त्यांनी ‘होय’वर इतकं नेमकं बोट ठेवलं की ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

उमेदवार एकच उरला. सीए बिनविरोध निवडून आला आणि खरं मतदान झालंच नाही. त्या यंत्रणेवर आमची जी काही निवडणूक झाली ती काकाजी विरुद्ध मोसंबी, तेवढीच. सीए मला भेटायला आला तोही ओशाळल्यासारखा. म्हणाला, “मॅडम, मी तर चाचणीत काकाजींनाच मत दिलं. मोसंबीला कसं देणार?” त्याच्या गटातल्या बहुतेकांनी तेच केलं होतं. म्हणजे जी थोडी मतं काकाजींना पडली, ती त्यांच्या विरोधकांची होती.

दुसऱ्या दिवशी गावाहून त्या बागायतदाराचा फोन आला. आवाज चढलेला.

“काकाजीले माघार काहून घ्याले लावली तुमी? आमी सारेच्या सारे मत राखून बसलो होतो!”

“राखून म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे? एका नावाले एकडाव दाबलं का दुसऱ्यांदा देता येत नाही, हे तुमीच दाखवलं ना शेडमंदी? माह्यं मत तं तिथंच वाया गेलं. मंग म्या घरोघर फोन करून सांगतलं, काकाजीच्या नावाले आता कोणी हात लावू नका, ते खऱ्या दिवसासाठी ठेवा. आता बाईचं मन राखाले मोसंबी दाबा, ते काही खऱ्या दिवशी उभी नाही.”

मी फोन ठेवला. एका बोटाला एकदाच शाई लागते, हे या माणसांच्या अंगात मुरलेलं. पडद्यानं त्यांना तेच सांगितलं होतं. आपल्या माणसाचं मत खोट्या दिवशी खर्ची पडू नये म्हणून सबंध गावानं ते जपून ठेवलं, आणि जपलेलं प्रत्येक मत काकाजींना आपल्याविरुद्ध पडलेलं दिसलं. मला रडू आलं. मग वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. हे काकाजींना सांगितलं की सगळं सरळ होईल.

मी रिक्षा करून तशीच त्यांच्या घरी गेले. त्या वेळी ते कधी घरी नसत. आता होते. ओसरीवर खुर्ची टाकून, पायांत चपला घालून बसले होते, कुठं जायचं नसूनही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शेड, परत दाबलेलं बोट, गावभर गेलेले फोन, राखून ठेवलेली मतं. ते ऐकत गेले, मध्येच हसले, एकदा डोळेही पुसले. “लेकाचे, कुठलं डोकं लावलं,” असं म्हणाले.

मी म्हटलं, “मग? मी सीएंशी बोलते. तो काही नाही म्हणणार नाही. मंडळ आपलंच आहे, अर्ज परत घालू.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“त्यायचं काही चुकलं नाही वं. त्यायनं तं मत राखून ठेवलं. पण मी तो निकाल पाह्यला ना, तवा मले नवलच नाही वाटलं. एकडावबी मनात आलं नाही का काही घोटाळा असन, कोणाले फोन लावून पाह्यावं. झटक्यात खरं मानलं. इतकी वर्सं ज्यायच्या पोरी मी माह्या म्हणून सांभाळल्या, त्यायच्याबद्दल माह्या मनात हे भरून होतं, अन् मलेच ठाऊक नव्हतं.”

मी काहीतरी बोलायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं.

“आता त्यायच्या समोर कोणत्या तोंडानं बसू? ते इचारतीन, काकाजी, माघार काहून घेतली होती? काय सांगू?” मग म्हणाले, “तू गावात हे सांगजो नोको. तब्येतीचंच सांग.”

मी तेच सांगत आले आहे. फळं यंदाही आली, आणि वसतिगृहाबरोबर या वेळी काकाजींच्या घरीही एक क्रेट उतरवलं. बागायतदाराचा अधूनमधून फोन येतो, गुडघ्यासाठी कुठलं तेल लावावं ते सांगतो आणि विचारतो, काकाजी बरे झाले का, पुढच्या टायमाले उभे राहतीन ना, आमी मत राखूनच हाओत. मी म्हणते, दुखणं जुनं आहे, वेळ लागेल.